धनेश वाचवा, धनेश हटवा

मुलांनो, आधी एक सांगून टाकतो. माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे वेलांटी पहिली की दुसरी, यात माझी नेहमी गडबड होते, आणि जड शब्द मला येत नाहीत. चूक दिसली तर पेन्सिलीने बरोबर करा आणि पुढे वाचा. गोष्टीतल्या पक्ष्याचा त्यात काही दोष नाही.

एका जंगलात, जिथे अजून कुणी पाटी लावलेली नव्हती, झिलू नावाचा एक धनेश राहत होता.

धनेश म्हणजे केवढा तरी मोठा पक्षी. चोच विळ्यासारखी. उडतो तेव्हा कुणी सतरंजी झटकावी तसा आवाज येतो. पण झिलूचा स्वभाव मात्र भलताच लाजरा. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो स्वतःच्या पायांकडे बघायचा. लग्नसुद्धा त्याने मागणी घालून केलं नव्हतं. आवडी नावाच्या धनेशिणीसमोर तो रोज एक उंबर ठेवायचा आणि उडून जायचा. शेवटी आवडीच म्हणाली, "अहो, असं किती दिवस चालायचं? माझा होकार आहे. आता पळू नका."

धनेशांची एक रीत आहे. ती नीट ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंडं घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चिखल, उंबराचा चोथा आणि स्वतःची शी. हसू नका. हे मिश्रण वाळलं की भिंत अशी कडक होते की सापाचं डोकं आत शिरत नाही आणि घोरपडीची नखं चालत नाहीत. भिंतीला फक्त एक फट ठेवायची. आत बायको, बाहेर नवरा. नवऱ्याने दिवसभर फळं गोळा करायची, गळ्यात साठवायची आणि फटीतून एकेक करून बायकोला भरवायची. आत तिने पिसं गाळलेली असतात, तिला उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत ती बाहेर पडत नाही. नवरा आला नाही, तर आत दोघंही उपाशी.

झिलूला हे काम फार आवडायचं. यात बोलावं लागत नाही. गळा उंबरांनी भरलेला असला की कुणी बोल म्हणतच नाही.

तर त्या वर्षी आवडी जांभळाच्या एका जुन्या झाडात बसली. भिंत लिंपून झाली. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. आणि त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडून करकोचे आले.

करकोचे दर हिवाळ्यात येत. बेडूक खात, हवा छान आहे म्हणत आणि निघून जात. या वेळी मात्र त्यांच्यासोबत करकोचेबाई होत्या. त्या फार मोठ्या होत्या, म्हणजे उंचीने आणि हुद्द्यानेही. त्या डोंगरावर एका पायावर उभ्या राहिल्या, जंगल पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आमच्याकडेही असंच जंगल होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या पणज्यांनी ते तोडलं. आता आम्ही कारखान्याच्या धुराड्यांवर घरटी बांधतो. अंडी लवकर उबतात, पण पिल्लं खोकतात. ते जाऊ द्या. तुमचं जंगल आम्ही वाचवणार. निधीही आणलाय."

"कुणापासून?" एका सशाने विचारलं.

करकोचेबाईंनी आजूबाजूला पाहिलं. जंगलात ससे होते, साळिंदरं होती, भेकरं होती, रानडुकरं होती आणि धनेश होते. दुसरं कुणीच नव्हतं.

"तेही बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दगडावर एक सरडा बसला होता. दगडासारखाच राखाडी. 'निधी' हा शब्द कानावर पडला आणि तो शेपटीपासून हिरवा होत गेला. डोक्यापर्यंत हिरवा झाला तेव्हा करकोचेबाईंचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"वा! निसर्गाशी किती एकरूप!" त्या म्हणाल्या.

असे सरडेसाहेब प्रकल्पाचे प्रमुख झाले.

प्रकल्पाचं नाव 'धनेश वाचवा' असं ठरलं. सशाचं चित्र काढून कुणी निधी देत नाही. धनेशाची चोच पाटीवर उठून दिसते. मग काटेरी कुंपण आलं, फाटक आलं, आणि फाटकावर भली मोठी पाटी आली. पाटीवर धनेशाचं सुंदर चित्र. खाली अक्षरं: 'गाभा क्षेत्र. आत येण्यास मनाई.'

सगळ्या प्राण्यांना पलीकडच्या माळावर नेलं. तिथे एकही झाड नव्हतं, पण तिथेही पाटी होती: 'पर्यायी जंगल.' दुपारी सगळे आळीपाळीने तिच्या सावलीत बसायचे. सशांना सावली पुरायची. भेकराचं तोंड तेवढं सावलीत यायचं.

हे सगळं झालं तेव्हा झिलू ओढ्यापलीकडच्या उंबरावर होता. गळा भरून परत आला, तर वाटेत फाटक. फाटकावर सोमा रानडुक्कर उभा. कालपर्यंत हा सोमा झिलूच्याच झाडाखाली लोळायचा. आता त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, पक्षीच आहे तर वरून उडून जायचं. पण वर घार ठेवली होती गस्तीला. चालत आला तो अर्जदार आणि उडत आला तो घुसखोर, असा नियम होता. घुसखोर दिसला तर घारीने काय करायचं, हे नियमात नव्हतं. पण घारीला ते येत होतं.

म्हणून झिलू चालत फाटकाशी गेला.

"थांब!" सोमा म्हणाला. "पास?"

झिलूने मान हलवली.

"नाव?"

झिलू गप्प. गळ्यात उंबरं.

"नाव सांगत नाही म्हणजे संशयित."

झिलूने चोचीने पाटीकडे दाखवलं. सोमाने पाटीकडे पाहिलं. झिलूकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"त्या धनेशाला वाचवायचंय," तो म्हणाला. "तुला नाही. त्याची मान बघ कशी ताठ आहे!"

झिलूने एकेक करून उंबरं खाली ठेवली. गळा मोकळा केला. "सोमादादा, मी झिलू. आवडी आत आहे."

सोमाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला काय माहीत नाही होय? वहिनीचा आवाज रोज ऐकतोय मी. पण काय करणार? मलाही माळावर धाडत होते. शिट्टी घेतली म्हणून राहिलो." मग त्याची नजर खाली गेली. "ही उंबरं मात्र तपासावी लागतील."

तपासणं म्हणजे खाऊन बघणं. सोमाने चांगली बरीच उंबरं तपासली. मग तो फाटकाकडे पाठ करून उभा राहिला. "मला मागचं दिसत नाही," तो म्हणाला. "लवकर जा."

असे काही दिवस गेले.

"अहो," एके दिवशी फटीतून आवडी म्हणाली, "हल्ली उंबरं कमी का?"

"तपासणीत जातात."

"तपासणी म्हणजे कोण?"

"आपला सोमा."

"त्याला म्हणावं, बाळंतिणीच्या तोंडचा घास तपासतोस, पोटात कळ येईल." आत पिल्लू चिरकलं. आवडीने पुढचं उंबर त्याला दिलं. मग तिने चोच फटीशी आणली आणि बराच वेळ काही मागितलं नाही.

झिलूला ते न मागणं फार लागलं.

एकदा सरडेसाहेब पाहणीला आले. दोन दिवसांनी करकोचेबाई येणार होत्या. साहेब जांभळाच्या खोडावर चढले आणि ढोलीसमोर थबकले.

"हे काय?"

झिलू पायांकडे बघू लागला.

"भिंत! गाभा क्षेत्रात भिंत! हे अनधिकृत बांधकाम आहे. परवानगी कुणी दिली?" साहेबांनी फटीतून आत डोकावलं आणि ते दचकून मागे सरले. "आणि आत बाई! बाईला कोंडून ठेवलंय! पाहुण्यांत महिला आहेत, त्या काय म्हणतील?"

"कोंडलंय कोण?" आतून आवाज आला. "मीच लिंपलंय. आतून. तुमच्या घरच्यांना अशी सोय असती, तर त्यांनीही दार लावून घेतलं असतं."

सरडेसाहेब लालभडक झाले. त्यांना ते आवरता येत नसे. "परवा सकाळी सुतार पक्षी येईल," ते म्हणाले. "भिंत फोडेल. ढोली नैसर्गिक दिसली पाहिजे."

"पण घोरपड..." झिलू पुटपुटला.

"घोरपड नैसर्गिक घटक आहे. तिला आम्ही हलवलेलं नाही."

ते खरंच होतं. प्रकल्पाने सगळ्यांना माळावर पाठवलं होतं, पण घोरपडीला ठेवून घेतलं होतं. ती खालच्या खडकावर उन्हात पडून होती आणि वर ढोलीकडे बघत होती.

साहेब गेले. झिलू फटीशी आला.

"तक्रार करा," आवडी म्हणाली.

"मी?"

"मग मी येऊ?"

प्रकल्पात तक्रारीची सोय होती. करकोचेबाईंची तशी अटच होती. ओढ्याकाठच्या खडकाखाली तक्रार निवारण कक्ष होता आणि तिथे कासवअण्णा बसत. अण्णा स्वभावाने फार चांगले. कुणी अवघड काही विचारलं की ते डोकं आत घेत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी झिलू निघाला. वाटभर तो वाक्यं पाठ करत होता. माझी तक्रार आहे. माझं घर इथे आहे. माझी तक्रार आहे. माझं घर इथे आहे.

आणि वाटेत लागलं उंबर. पिकलेलं, लालेलाल. बायको आत बसली असताना पिकल्या उंबरावरून गळा न भरता पुढे जाणं धनेशाच्या जातीला जमत नाही. झिलूलाही जमलं नाही. तो तक्रार घेऊन निघाला होता आणि उंबरं घेऊन पोचला.

"या, बसा," कासवअण्णा म्हणाले. शेजारी सरडेसाहेब बसले होते. "बोला."

झिलू गप्प.

"लाजू नका. इथे सगळे आपलेच आहेत. काय तक्रार?"

झिलूने गळा हलवला. आतून 'गुळुक' असा आवाज आला.

"काही त्रास आहे का?"

गुळुक.

"तक्रारदार हजर," सरडेसाहेब म्हणाले. "तक्रार नाही. लिहा अण्णा."

झिलू घाबरला. त्याने घाईघाईने गळा मोकळा करायला घेतला. एक उंबर खडकावर ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं गडगडत कासवअण्णांच्या पुढ्यात गेलं.

"वनोपज!" सरडेसाहेब ओरडले. "जप्त करा!"

उंबरं जप्त झाली. आता झिलूचा गळा मोकळा होता आणि बायकोचं जेवण गेलं होतं.

"ते जांभळाचं झाड," तो कसाबसा म्हणाला, "आमचं आहे."

"असं म्हणून चालत नाही," अण्णा समजुतीने म्हणाले. "पुरावा लागतो. तीन पिढ्यांची वहिवाट दाखवा."

झिलूकडे पुरावा होता. चांगला पक्का पुरावा होता. पण तो सांगायचा कसा? त्याची मान खाली खाली गेली.

"झाड आजोबांनी लावलं," तो म्हणाला.

"छान. कसं लावलं? खड्डा खणून?"

"नाही. वरून."

"वरून म्हणजे?"

"म्हणजे... आजोबा ओढ्यापलीकडे जांभळं खायचे. मग इकडे येऊन बसायचे."

"बरं. मग?"

झिलू अण्णांच्या जवळ गेला आणि त्याने हळूच काहीतरी सांगितलं. पण अण्णांना ऐकायला कमी येत होतं. ते मोठ्याने म्हणाले, "आजोबांनी शी केली?"

ओढ्यावरचे बेडूक गप्प झाले.

आता बोलून गेलंच होतं. झिलूने डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. "आजोबांनी केली, पणजोबांनी केली, थोरल्या आत्याने केली. हे जांभूळ, ती पायर, तो नांदरूक, पलीकडचं उंबर, सगळं आमच्या घराण्यातून आलेलं आहे. आम्ही नसतो तर डोंगर बोडका असता."

कासवअण्णांनी मान बाहेर काढून डोंगराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना ते पटत चाललं होतं.

पण सरडेसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी मागे बोट दाखवलं. तिथे आणखी एक पाटी होती: 'हागणदारीमुक्त जंगल.'

"कबुली दिली!" साहेब म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या! सहकुटुंब! अण्णा, आता तुम्हीच सांगा."

अण्णांनी डोकं आत घेतलं. पाठीच्या ढालीतून बारीक आवाज आला, "तक्रार निकाली."

संध्याकाळी झिलू रिकाम्या गळ्याने घरी आला. झालं ते सगळं सांगितलं.

"अहो," आवडी म्हणाली, "तुम्ही चारचौघांत शी म्हणालात?"

"मी नाही. कासवअण्णा म्हणाले."

"पण सांगितलंत तुम्हीच ना? थोरल्या आत्याचंसुद्धा?" आणि ती हसायला लागली. ढोलीत हसू घुमलं. झिलूलाही हसू आलं. मग आत पिल्लू उपाशी पोटाने रडायला लागलं.

"उद्या जास्त उंबरं आणा," थोड्या वेळाने आवडी म्हणाली. "भिंत पडायच्या आधी पोटभर खाऊन घेते. घोरपडीशी भांडायला ताकद लागेल."

दुसऱ्या दिवशी झिलूने गळा असा भरला की त्याला मान वळवता येईना. फाटक सताड उघडं होतं. सोमा पाहुण्यांना सलाम करण्यात गुंतला होता, त्यामुळे तपासणी झाली नाही.

जांभळाखाली करकोचे एका पायावर रांगेत उभे होते. खोडावर सुतार पक्षी इशाऱ्याची वाट बघत होता. खालच्या खडकावर घोरपड उठून बसली होती. सरडेसाहेब कधी नव्हे इतके हिरवे होते.

"जंगल पूर्ण रिकामं झालं आहे, बाई," साहेब म्हणाले. "आता ते सुरक्षित आहे."

"फारच छान," करकोचेबाई म्हणाल्या. "आणि तक्रारी किती?"

"एकही नाही! होती ती कालच निकाली काढली."

करकोचेबाईंनी दुसरा पाय खाली टेकवला. त्यांच्यात हे फार वाईट लक्षण समजतात.

"एकही नाही?"

"एकही नाही," साहेब म्हणाले, पण आता थोडं हळू.

"जिथे तक्रार नाही तिथे भीती असते," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या डोंगरावर आमचा असाच प्रकल्प होता. सगळे खूश. एक तक्रार नाही. आम्ही निधी बंद केला. आम्हालाही तिकडे उत्तरं द्यावी लागतात, सरडेसाहेब. तक्रारच नसेल, तर तक्रारीची सोय आहे हे आम्ही दाखवायचं कसं?"

साहेब पिवळे पडले. "आहे ना! एक आहे! जुनी, चांगली तक्रार आहे. हा काय तक्रारदार!" त्यांनी फांदीवरच्या झिलूकडे हात केला. "बोल ना रे, झिल्या! झिलूभाऊ! अहो झिलूराव!"

झिलू गप्प.

"बघा, बोलायला घाबरतोय," करकोचेबाई हळहळल्या. "काय काय सोसलं असेल बिचाऱ्याने!"

साहेब पिवळ्याचे पांढरे झाले. "झिलूराव, पाया पडतो," ते म्हणाले. आणि चारही पाय पसरून खरंच पडले. "तक्रार करा हो!"

उंबरं खाली ठेवली की बोलता येणार होतं. पण काल खाली ठेवलेल्या उंबरांचं काय झालं, ते झिलू विसरला नव्हता. तो फांदीवरून टुणटुणत ढोलीशी गेला. सुतार पक्षी बाजूला सरकला. झिलूने मान वाकवली आणि एक उंबर फटीत धरलं.

आतून चोचीचं टोक आलं. उंबर गेलं. मग दुसरं. मग तिसरं.

सगळे थांबले.

"जरा लवकर," साहेब कळवळून म्हणाले.

"सावकाश," आतून आवाज आला. "घास लागेल."

"हे काय चाललंय?" करकोचेबाईंनी कुजबुजत विचारलं.

"तक्रारीपूर्वीची कार्यवाही," शेजारून कासवअण्णा म्हणाले. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

शेवटचं उंबर गेलं. झिलू वळला. समोर एवढे सगळे, आणि गळ्यात काहीच नाही. अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो पायांकडे बघू लागला.

"अहो, बोला," आवडी आतून म्हणाली. "आमचं पोट भरलंय."

झिलूने मान वर केली.

"माझी तक्रार आहे," तो म्हणाला. "माझं घर इथे आहे. माझी बायको आत आहे, पिल्लू आत आहे. ही भिंत पडली तर घोरपड त्यांना खाईल. फाटकावर माझं चित्र आहे. आणि मला आत यायला बंदी आहे."

बस. तेवढंच बोलला.

करकोचेबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "किती सुंदर तक्रार!" त्या म्हणाल्या. "इतकी स्वच्छ तक्रार आम्हाला कुठल्याच देशात मिळाली नाही! सरडेसाहेब, निधी वाढवा म्हणून मी स्वतः सांगेन."

सरडेसाहेब उठले. हिरवे होऊनच उठले.

"म्हणजे मला आत येऊ देणार?" झिलूने विचारलं.

"त्याची चौकशी होईल," बाई म्हणाल्या. "तक्रार चालू आहे तोपर्यंत सगळं जैसे थे. भिंत तशीच राहील. झाड तसंच राहील. आणि तक्रारदाराला पाठपुरावा करायला रोज आत सोडायचं. उडत आला तरी."

झिलूला लगेच पास मिळाला. त्यावर 'धनेश' असं नव्हतं, 'रहिवासी' असंही नव्हतं. 'तक्रारदार' असं होतं. सोमाने पास बघितला आणि कडक सलाम ठोकला. घार दुसरीकडे बघू लागली. सुतार पक्षी निघून गेला. घोरपड पुन्हा खडकावर आडवी झाली.

गोष्ट इथे संपली असती, तर मलाही बरं वाटलं असतं. पण कासवअण्णा मनाने चांगले होते ना!

संध्याकाळी ते धापा टाकत झाडाखाली आले. डोकं पूर्ण बाहेर काढलेलं.

"झिलू," ते म्हणाले, "काल मी चुकलो. मनाला फार लागून राहिलं होतं. म्हणून आज दिवसभर बसून मी तुझी तक्रार सोडवली. निकाल तुझ्या बाजूने आहे!"

"खरंच?" झिलू आनंदाने खाली आला.

"अगदी खरं. तुझ्यावर अन्याय झाला, हे मी मान्य केलं. भरपाई म्हणून तुला पर्यायी ढोली मंजूर. उद्या दुपारी आदेश काढतो."

"पर्यायी ढोली कुठे?"

"माळावर."

"माळावर झाड कुठे आहे?"

"पाटी आहे की. तिच्या खांबाला भोक पाडून देतील."

झिलूने ढोलीकडे पाहिलं. "आणि ही भिंत? माझा पास?"

"तक्रार सुटल्यावर पास कशाला? आणि जैसे थे तरी कशाचं?"

"अण्णा," झिलू म्हणाला, "आमची बाजू तुम्हाला पटली ना?"

"शंभर टक्के."

"मग कृपा करून सोडवू नका हो!"

"असं कसं? पटली म्हणून तर सोडवतोय." अण्णांनी मायेने त्याच्याकडे पाहिलं आणि ते समाधानाने ओढ्याकडे निघाले. बराच वेळ ते जाताना दिसत होते.

मग आवडीने विचारलं, "अहो, त्या करकोचेबाई गेल्या का?"

"नाही. उद्या दुपारी उडणार आहेत."

"म्हणजे सकाळ आपली आहे," आवडी म्हणाली. "आणि माळावरच्या लोकांनाही तक्रारी असतीलच की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच झिलू माळावर गेला. पाटीच्या खांबावर बसून तो सगळ्यांशी बोलला. ससे, साळिंदरं, भेकरं, सगळ्यांशी. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण पायांकडे बघत नाही आहोत. मग त्याने उंबरं आणली, आवडीला आणि पिल्लाला पोटभर भरवली, आणि गळा पूर्ण मोकळा करून तो करकोचेबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"माझी नवी तक्रार आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "कासवअण्णांविरुद्ध. ते फार घाई करतात."

करकोचेबाई हरखल्या. कासवअण्णांवर असा आरोप जन्मात कुणी केला नव्हता. तिथेच बसलेल्या अण्णांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ती तक्रार जागेवर दाखल करून घेतली. आता नव्या तक्रारीची चौकशी होईपर्यंत जुनीचा निकाल लागू करता येत नव्हता, आणि नवीची चौकशी अण्णांनीच, अजिबात घाई न करता, करायची होती.

तोपर्यंत झिलूच्या मागे फाटकापर्यंत रांग लागली होती. सशाची तक्रार होती की पाटीची सावली अरुंद आहे. भेकराची होती की ती सशांनाच मिळते. साळिंदराला काही सुचलं नव्हतं, पण ते म्हणालं, आत गेल्यावर शांतपणे आठवतो. सोमा एकेकाला पास देत होता आणि आत सोडत होता. दुपारी करकोचे उडाले तेव्हा सगळं जंगल पुन्हा भरलेलं होतं. त्यात रहिवासी मात्र एकही नव्हता.

तात्पर्य: मुलांनो, अन्याय झाला तर न्याय जरूर मागावा, पण तो चुकूनही मिळणार नाही याची काळजी घ्यावी. ज्याची तक्रार सुटते, त्याला खांबाला भोक मिळतं. ज्याची सुटत नाही, तो आपल्या घरात राहतो.